श्रेडर आणि इनबॉक्स

गुहागर तालुक्यात अंजनवेलच्या किनाऱ्यावर एक वीज प्रकल्प उभा आहे. नव्वदच्या दशकात त्याच्यावरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं. आंदोलनं झाली, करार झाला, १९९५मध्ये रद्द झाला, पुन्हा नव्यानं झाला. घरातल्या मोठ्या माणसांसमोर ‘दाभोळ’ म्हणून बघा, पुढचा शब्द तेच म्हणतील : ‘एन्रॉन’. २००१च्या मे महिन्याअखेर हा प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला ह्यूस्टनच्या या बलाढ्य कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

एन्रॉन का बुडाली, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातला एक बाजूला पडलेला धागा उचलायचा आहे. तुमच्या ऑफिसात कधीतरी मेल येतो : ‘जुने मेल अमुक दिवसांनी आपोआप डिलीट होतील.’ आपण तो न वाचताच पुढे जातो. पण हाच विषय एन्रॉनच्या पडझडीत एका मोठ्या कंपनीचा जीव घेऊन गेला.

किती ठेवायचं आणि कधी टाकायचं, हा प्रश्न संगणकाच्या आधीचा आहे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. ‘अ’ कायमचा जपायचा, ‘ड’ थोड्याच काळात निकाली काढायचा. कागद जागा खातो, कपाटं भरतात, त्यामुळे टाकून देणं भागच पडतं. ईमेलनं ही सक्ती काढून घेतली. एकच मेल पाठवणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडे, सर्व्हरवर आणि बॅकअपच्या टेपवर अशा चार ठिकाणी पडून राहतो आणि कुणाच्या नजरेत खुपत नाही. मग कंपन्यांनी लेखी धोरणं केली. त्यांना नाव दिलं ‘डॉक्युमेंट रिटेन्शन पॉलिसी’. नाव जपण्याचं, काम बरंचसं टाकून देण्याचं!

एन्रॉनचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही शिकागोत १९१३मध्ये सुरू झालेली कंपनी. तिच्याकडेही असं धोरण होतं. प्रत्येक कामाची एकच मुख्य फाइल ठेवायची, तिच्यात फक्त निष्कर्षाला आधार देणारे कागद ठेवायचे. कच्चे मसुदे, टिपणं, जास्तीचे मेल काढून टाकायचे. यात वावगं काही नाही. त्याच धोरणात दुसरंही कलम होतं : खटल्याची चाहूल लागली, तर संबंधित काहीही नष्ट करायचं नाही.

आता तारखा बघा. ९ ऑक्टोबर २००१ला अँडरसनच्या वकिलांनी आपल्या टिपणात लिहून ठेवलं, की शेअर बाजार नियामकाची चौकशी होण्याची दाट शक्यता आहे. दुसऱ्या दिवशी एका प्रशिक्षणात एका भागीदारानं सांगितलं, की धोरणानुसार कागद नष्ट झाला आणि दुसऱ्या दिवशी खटला दाखल झाला, तर उत्तमच. १२ ऑक्टोबरला वकिलांनी मेल केला, की एन्रॉनचं काम बघणाऱ्या टीमला रिटेन्शन धोरणाची आठवण करून दिलेली बरी. १६ ऑक्टोबरला एन्रॉननं ६१.८ कोटी डॉलरचा तिमाही तोटा जाहीर केला. २३ ऑक्टोबरला ह्यूस्टनमधल्या मुख्य भागीदारानं टीमला बोलावून धोरण पाळायला सांगितलं.

एरवी दुर्लक्षित असलेलं धोरण सगळे अचानक मनापासून पाळायला लागले. श्रेडर चालू लागले, मेल आणि फाइली पुसल्या जाऊ लागल्या. ८ नोव्हेंबरला कागदपत्रं हजर करण्याचा हुकूम आला, तेव्हा कुठे दुसऱ्या दिवशी थांबण्याची सूचना निघाली. तोवर टनावारी कागदाचा चुरा झाला होता.

जून २००२मध्ये ज्युरीनं अँडरसनला दोषी ठरवलं. जगभर जवळपास ८५ हजार माणसं या कंपनीत होती. त्यांतल्या बहुतेकांनी एन्रॉनची फाइल पाहिलीही नव्हती, पण कंपनीचं नाव गेलं तशी गिऱ्हाइकं गेली आणि गिऱ्हाइकांपाठोपाठ नोकऱ्याही. ३१ मे २००५ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो निकाल फिरवला, कारण ज्युरीला कायदा चुकीचा समजावला होता. न्यायालयानं असंही म्हटलं, की अशी धोरणं धंद्यात सर्रास असतात आणि नेहमीच्या परिस्थितीत कर्मचाऱ्यांना ती पाळायला सांगण्यात गैर काही नाही. पण तोवर वाचवण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. दरम्यान, ३० जुलै २००२ला नवा कायदाही झाला होता : चौकशीत अडथळा आणण्यासाठी नोंदी नष्ट केल्या, तर २० वर्षांपर्यंत तुरुंगवास.

यातून कंपन्यांनी एक धडा घेतला : टाकू नका, सगळं ठेवा. तो धडा किती अर्धवट होता, हे खुद्द एन्रॉनच्याच इनबॉक्सनं दाखवलं.

कॅलिफोर्नियातल्या वीजबाजारातल्या लबाडीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी ऊर्जा आयोगानं एन्रॉनचे मेल ताब्यात घेतले होते. २००३मध्ये आयोगानं ते लाखोंच्या संख्येनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले केले. लोकांना सत्य कळावं, हा हेतू. पण त्या ढिगात गैरव्यवहारांच्या जोडीला कर्मचाऱ्यांचे ओळख क्रमांक होते, बँकेचे तपशील होते, घरगुती कुरबुरी होत्या, प्रेमप्रकरणं होती. तक्रारी आल्यावर काही मेल काढले गेले. पुढे संशोधकांनी त्यातून सुमारे १५० जणांचे पाच लाख मेल असा संच तयार केला. स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या संशोधनात तो वापरला गेला. २०२०मध्ये भाषेची मोठी एआय मॉडेल्स शिकवण्यासाठी ‘द पाइल’ नावाचा मजकुराचा साठा खुला झाला. त्यातही एन्रॉनचे मेल आहेत.

म्हणजे एकाच घोटाळ्यात जे जपायला हवं होतं त्याचा चुरा झाला आणि जे केव्हाच पुसायला हवं होतं ते अमर झालं. कुणीतरी दुपारच्या जेवणाबद्दल किंवा मोडत चाललेल्या संसाराबद्दल लिहिलेले दोन शब्द आज यंत्रांना भाषा शिकवतायत. लिहिणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून मुदत आधी ठरवायची असते, शांत काळात, आणि कुठला कागद कशासाठी ठेवतोय हे लिहून ठेवून. मुदत संपली की खरोखर पुसायचं, बॅकअपमधूनसुद्धा. आणि चौकशीची चाहूल लागली, की पुसणं तिथल्या तिथे थांबवायचं. अँडरसनच्या धोरणात टाकणं आणि थांबणं, दोन्ही होतं. त्यांना आठवण झाली ती फक्त पहिल्याची.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तत्त्व हेच आहे : ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं, की ती पुसायची, दुसऱ्या कायद्यानं ठेवायला सांगितलं असेल तेवढं सोडून. हॉटेलच्या काउंटरवर आधारचा फोटो काढतात, सोसायटीच्या गेटवर नंबर लिहून घेतात, ॲपवर सेल्फी मागतात. ‘कशाला हवंय?’ असं आपण क्वचित विचारतो. ‘किती दिवस ठेवणार?’ हे तर कधीच नाही. पुढच्या वेळी विचारून बघा.