बाबेलच्या स्त्रीचा मुकुट

धार्मिक प्रतीकाचा अर्थ धर्मग्रंथ व परंपरा यांनी ठरविलेला असतो आणि चित्रकार त्यास केवळ आकार देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रबोधनकालीन जर्मन मुद्राचित्रांच्या बाबतीत ती कितपत टिकते, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सात मस्तकांच्या श्वापदावर आरूढ झालेल्या आणि हाती सोन्याचा पेला धरलेल्या बाबेलच्या वेश्येचे वर्णन आहे. तिच्या मस्तकावरील मुकुट हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

न्यूरेंबर्गचा चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १४९८ मध्ये ‘प्रकटीकरणा’वरील पंधरा काष्ठठशांची मालिका जर्मन व लॅटिन अशा दोन आवृत्त्यांत स्वतः प्रसिद्ध केली. तीत ही स्त्री व्हेनिसच्या धनिक स्त्रियांच्या वेषात दिसते. त्यासाठी ड्यूररने १४९५ च्या सुमारास केलेल्या आपल्याच एका रेखाटनाचा उपयोग केला. येथे प्रतीकाचा रोख ऐहिक वैभव व भोग यांवर आहे. कोणत्याही धर्मपीठावर नाही.

सप्टेंबर १५२२ मध्ये मार्टिन लूथरचा जर्मन ‘नवा करार’ विटेनबर्ग येथे छापला गेला. ‘प्रकटीकरणा’विषयी लूथरला फारसा आदर नव्हता, आणि तसे त्याने प्रस्तावनेत नमूदही केले, तरीही पूर्ण पृष्ठाची चित्रे याच पुस्तकास लाभली. लुकास क्रानाखच्या चित्रशाळेने सिद्ध केलेले हे एकवीस ठसे ड्यूररच्या मालिकेचे ऋणी आहेत. परंतु येथे बाबेलच्या स्त्रीच्या मस्तकी पोपचा तिहेरी मुकुट आला. मूळ वचनातील एकही शब्द न बदलता रोमचे धर्मपीठ म्हणजेच बाबेल, असा अर्थ चित्राने सांगितला.

लूथरचा आश्रयदाता फ्रेडरिक याचा चुलतभाऊ ड्यूक गेऑर्ग हा सॅक्सनीच्या दुसऱ्या भागाचा अधिपती होता. त्याने नोव्हेंबरमध्ये आपल्या प्रदेशात या ग्रंथावर बंदी घालून प्रती जमा करण्याचा हुकूम काढला. डिसेंबरच्या दुसऱ्या आवृत्तीत त्या मुकुटाचे वरचे थर नाहीसे झाले व साधा मुकुट तेवढा उरला. गेऑर्गच्या रोषाशी या बदलाचा संबंध सामान्यतः जोडला जातो.

हा बदल सुकर झाला तो माध्यमाच्या स्वरूपामुळे. काष्ठठशात उंच राखलेल्या रेषाच शाई घेतात. कोरून काढलेला भाग कागदावर कोरा राहतो. त्यामुळे रेषा वगळण्यास छिन्नीचे थोडे काम पुरते. नवी रेषा घालावयाची तर लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. मात्र सप्टेंबरच्या ज्या प्रती लोकांच्या हाती गेल्या होत्या, त्यांतील मुकुट कोणत्याही छिन्नीने पुसला जाणे शक्य नव्हते. पुढे १५३४ च्या संपूर्ण जर्मन बायबलसाठी नव्याने कोरलेल्या चित्रांत तिहेरी मुकुट पुन्हा अवतरला.

याचा निष्कर्ष अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. केवळ डिसेंबरची प्रत पाहणाऱ्यास या चित्रात परंपरागत प्रतीकच दिसेल. सप्टेंबरची प्रत शेजारी ठेवताच त्यातील वाद प्रकट होतो. मुद्राचित्रातील प्रतीकाचा अर्थ ग्रंथवचनाइतकाच चित्रकार, प्रकाशक व राज्यकर्ते यांच्या ओढाताणीत घडतो. म्हणून एकाच छापावरून तो निश्चित करू नये. आवृत्त्या ताडून पाहाव्यात, आणि जे कोरून काढले गेले त्याचीही पुरावा म्हणून नोंद घ्यावी.