रंगाऱ्याचे हात

सोलापूरच्या भवानी पेठेंत मी अनेक वर्षें शिक्षकाची चाकरी केली. हजेरी घेतांना कांहीं मुलांचे तळहात कधीं तांबडे, तर कधीं निळे दिसत. एका मुलाला मी दटावलें, "जा, हात धुऊन ये." तो गेला आणि परत आला, हात तसेच! खालीं मान घालून म्हणाला, "गुरुजी, वडिलांबरोबर सूत रंगवायला जातों. हा रंग निघत नाहीं." त्या दटावणीची मला आजही लाज वाटते. आजचें माझें भाषण त्याच हातांविषयीं आहे.

सन १८७७ मध्यें सोलापुरांत पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं येथें माग मांडले, आणि सोलापुरी चादरीचें व टॉवेलाचें नांव दूरवर गेलें. या चादरीची शोभा जितकी विणींत, तितकीच रंगांत आहे.

पूर्वीं रंग वनस्पतींपासून मिळत. नीळ आणि मंजिष्ठ हीं त्यांतलीं मुख्य. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किन या अठरा वर्षांच्या तरुणानें डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग काढला, आणि कृत्रिम रंगांचें युग उघडलें. १८८४ मध्यें जर्मनीच्या बॉटिगरनें बेंझिडीन नांवाच्या रसायनापासून 'काँगो रेड' सिद्ध केला. तुरटीसारखें रंगबंधक न लावतां हा रंग सुती धाग्यावर थेट बसे. स्वस्त आणि सोपा! त्याच्या जातीचे रंग जगभर पसरले यांत नवल नाहीं.

परंतु १८९५ सालींच फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनीं इशारा दिला होता, कीं रंगाच्या कारखान्यांतील मजुरांना मूत्राशयाच्या गांठी होत आहेत. १९२१ मध्यें आंतरराष्ट्रीय मजूर कार्यालयानें बेंझिडीन व त्याच्या जातीच्या द्रव्यांकडे बोट दाखविलें. दुखणें मात्र कावेबाज! संपर्क आज घडावा आणि कर्करोग वीस-वीस वर्षांनीं प्रकट व्हावा. तोंवर मजुरानें काम सोडलेलें असतें, आणि कारणाचा माग पुसला जातो. शिवाय अशा रंगांतील नत्राची जोडी शरीरांत तुटते, व रंगांत दडलेलें बेंझिडीन पुन्हां मोकळें होतें. म्हणजे केवळ तें रसायन बनविणाराच नव्हे, तयार रंग वापरणाराही निर्धोक नाहीं.

आपल्या देशांत १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं १९९३ पासून ४२ बेंझिडीनजन्य रंगांना मनाई झाली. १९९४ सालीं जर्मनीनें असल्या रंगांच्या कापडावर बंदीचा हुकूम काढला. १९९७ मध्यें भारतानेंही आणखी ७० अझो रंग वर्ज्य केले. एकूण ११२. कायद्यांत 'हाताळणी' हा शब्द फार व्यापक आहे: बनविणें, सांठविणें, वाहून नेणें, विकणें, वापरणें, सारें त्यांत येतें. रेन यांच्या इशाऱ्यापासून पहिल्या मनाईपर्यंत ९८ वर्षें लोटलीं!

पुढें २००२ मध्यें युरोपीय संघानें मर्यादा घातली, कीं एक किलो कापडांत अशा घातक द्रव्याचें प्रमाण तीस मिलिग्रॅमच्या वर नसावें. परदेशीं जाणारा टॉवेल प्रयोगशाळेंत तपासला जाऊं लागला. हें योग्यच झालें. पण माझ्या मनांत एक शंका राहते. टॉवेलाची परीक्षा होते. तो ज्या हातांनीं रंगविला त्यांची परीक्षा कोण करतो? अंग पुसणाऱ्याला कपड्याचा स्पर्श घडीभराचा. रंगारी मात्र दिवसभर हौदापाशीं उभा.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची. रंगाचा डबा उघडतांना तोंडाला फडकें व हातांत मोजे असूं द्यावेत. नवे रंगही भुकटीच्या रूपांत श्वासावाटे दमा देऊं शकतात. आणि ज्यांनीं पूर्वीं सूत रंगविलें, त्यांच्या लघवींत न दुखतां रक्त दिसल्यास तें अंगावर काढूं नये. वैद्याला प्रथम आपला जुना धंदा सांगावा. कायद्यानें रंगाची वाट अडविली आहे. परंतु ज्यांच्या अंगांत तो पूर्वींच शिरला, त्यांच्या पाठीशीं उभें राहणें हें आपलें काम आहे.

तो मुलगा आतां पोक्त झाला असेल. त्याला हें भाषण ऐकूं जावो, एवढीच इच्छा.