बांधावर कोणती बाभूळ? रामकाठी ओळखा, मगच बी घ्या

बाभूळ म्हटलं की छत्रीसारखं पसरलेलं झाड डोळ्यांपुढे येतं. रामकाठी बाभूळ मात्र खराट्यासारखी सरळ वर जाते. रूप वेगळं, तरी जात एकच: वॅचेलिया निलोटिका (जुनं नाव अकेशिया निलोटिका). फुलं दोघींची तीच, पिवळी गोंडेदार.

वऱ्हाडात जंगल खात्याच्या जुन्या नोंदींत बाभळीचे तीन प्रकार सांगितलेत: तेलिया, कौरिया आणि रामकाटी. तेलियाचं लाकूड चांगलं. कौरियाचं खोड आखूड, साल खरबरीत, लाकूड कमी प्रतीचं.

रामकाठीचा घेर कमी, त्यामुळे बांधालगतची ज्वारी सावलीत फारशी दबत नाही. पण लहान रोपात हा फरक ओळखणं अवघड. म्हणून उन्हाळ्यात शेंगा स्वतः झाड बघूनच काढाव्यात. शेळीच्या लेंडीतलं बी लवकर उगवतं खरं, पण ते कुठल्या झाडाचं हे शेळीलाच ठाऊक! शिवाय परागकण मधमाश्या नेतात. शेजारी पसरट बाभळी असतील तर सगळी रोपं सरळच निघतील याची खात्री नाही.

रस्त्याकडेला माजलेली वेडी बाभूळ यातली नव्हेच. ती अमेरिकेतून आलेली, प्रोसोपिस नावाची वेगळीच जात. तिचं बी बांधावर नको.