बॉम्बे रक्तगट : दडून राहिलेला वारसा

मागच्या वेळी आपण मेंडेल आणि त्यांचे वाटाणे बघितले. आज माणसाकडे येऊ. त्यासाठी फार लांब जायला नको, मुंबईत परळपर्यंत गेलं तरी पुरे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1901 साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांचे रक्तगट वेगळे ओळखले. पुढे 1924 मध्ये फेलिक्स बर्नस्टाईन या जर्मन गणितज्ञाने त्यांच्या वारशाचं गणित मांडलं. जनुक एकच, पण त्याची रूपं तीन : ए, बी आणि ओ. एक रूप आईकडून येतं, एक वडिलांकडून. ए आणि बी प्रभावी, ओ अप्रभावी. म्हणजे आईवडील दोघंही ओ असतील तर मूल ओ-च असणार. हा नियम इतका पक्का वाटला की पितृत्वाच्या खटल्यांत पुरावा म्हणूनही वापरला गेला.

आणि मग 1952 साल उजाडलं. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातले डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना काही माणसांचं रक्त चमत्कारिक वाटलं. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसायचं, पण ओ गटाचं रक्त त्यात मिसळलं तरी गुठळ्या व्हायच्या! लंडनच्या रेस आणि सँगर यांच्यासारखे तज्ज्ञही या कामात होते. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला आणि जगाला 'बॉम्बे रक्तगट' माहीत झाला.

आता यामागची गंमत बघा. ए आणि बी हे रंग म्हणा, पण रंग द्यायला भिंत तर हवी ना? ती भिंत म्हणजे एच नावाचा पदार्थ. तो तयार करणारं जनुक वेगळं, 19व्या गुणसूत्रावरचं; ए-बी-ओचं जनुक 9व्या गुणसूत्रावर. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून एचचं निकामी रूप आलं, तर भिंतच उभी राहत नाही. मग आत बी-चं जनुक असलं तरी ते दिसणार कुठे?

पण दिसत नाही म्हणजे नाहीसं झालं असं नाही. 1955 मध्ये फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी अशा एका बाईची नोंद केली. तपासणीत ती ओ, पण तिच्याकडून बी मात्र पुढच्या पिढीत उतरला होता.

विचार करा, नवरा ओ, बायकोही 'ओ', आणि मूल बी. संशय कोणावर जाणार हे मी सांगायला नको. नियम अर्धवट माहीत असला, तर त्याची शिक्षा निर्दोष बाईला होते.

दुसरा धोका जिवाचा. बॉम्बे गटाच्या माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही, बॉम्बेच लागतं. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक. युरोपात तर दहा लाखांत एक म्हणतात. म्हणून रक्तपेढीत रक्तद्रवाचीही उलट तपासणी करतात, आणि तीत ओ पेशी वापरल्या तरच हा गट उघडा पडतो. आणि असा माणूस सापडला, की त्याच्या सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासून घ्यावं. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक भावंडाच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. अडीअडचणीला उपयोगी पडणारा दाता कदाचित घरातच असेल.