तिसरीत एआय आणि कोसबाडच्या शिंपल्या

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं, की २०२६-२७ पासून शाळेत तिसरीपासूनच एआय आणि 'संगणकीय विचार' शिकवायचा. बातमी आली आणि आपल्या डहाणू-तलासरीत लगेच विचारणा सुरू झाली : कॉम्प्युटर कधी येणार? किती येणार? कोण देणार? चाळीस वर्षं आपण हेच विचारतोय. मुलाला नेमकं काय आलं पाहिजे, हे विचारायचं दर वेळी राहून जातं.

थोडा इतिहास बघा. १९८४ मध्ये केंद्राने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला. देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत इंग्लंडचे बीबीसी मायक्रो संगणक गेले. मग डिसेंबर २००४ मध्ये 'आयसीटी अॅट स्कूल' योजना आली. आपल्या राज्यात कंपन्यांशी पाच वर्षांचे करार झाले. कंपनीने लॅब उभी करायची, शिक्षक नेमायचा, पाच वर्षं चालवायची आणि मग शाळेच्या ताब्यात द्यायची. करार संपले, शिक्षक घरी गेले. त्यांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. यंत्रं खोलीत राहिली आणि खोलीची किल्ली हेडमास्तरांच्या कपाटात. २०१३ मध्ये एनसीईआरटीने आयसीटीचा अभ्यासक्रम काढला, पण तो किती शाळांपर्यंत पोचला ते शिक्षकांनाच विचारा. २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं आणि डिजिटल शाळांची लाट आली. शहापूरच्या पाष्टेपाड्यासारखी शाळा मनापासून उभी राहिली, ते खरंच. पण पुष्कळ ठिकाणी लोकवर्गणीतून भिंतीवर टीव्ही लागला की शाळा डिजिटल झाली.

म्हणजे दर्जा ठरला तो खोलीचा. मुलाचा नाही.

आता कोसबाडकडे या. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या. दशकभराने काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ते १९४५ साल नुसतं शाळेचं नव्हतं, बरं का. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने आपल्या पट्ट्यातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. अशा घरांतली पोरं ही.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीचं काम करून आलेल्या. त्या पद्धतीचं साहित्य ठरलेलं होतं : ठोकळे, मनोरे, पेट्या. महागडं. 'साहित्य येईपर्यंत थांबा' असं म्हणायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्यांनी उलट केलं. मुलाच्या हाताला, डोळ्याला, मोजणीला काय यायला हवं, हे तसंच ठेवलं आणि पेटी बदलली. शिंपल्या, बिया, पानं, दगड, बांबू. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी पाड्यावर, घराच्या अंगणात गेली, तीच अंगणवाडी. थोडी मोठी पोरं गुरांमागे जायची, म्हणून शिक्षक कुरणात गेले, कुरणशाळा झाली. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. आपल्या तालुक्यातून दिल्लीला गेलेली ही गोष्ट आपल्याच पोरांना कुणी सांगत नाही.

कॉम्प्युटरचं असं होऊ शकतं का? होतंय. एसीएम इंडियाने २०१६ मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली, त्यात बराचसा भाग यंत्राशिवायच आहे. क्रम लावणं, नमुना ओळखणं, मोठं काम छोट्या पायऱ्यांत तोडणं. घोलवडच्या वाडीत चिकूची प्रतवारी करणाऱ्या बाईच्या मुलीला 'सॉर्टिंग' शिकवायला लॅब कशाला? तारप्याची धून बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. सूचना आणि कृती यांचं याहून चांगलं उदाहरण कुठल्या पुस्तकात सापडणार?

आणि आपण ज्यांची यंत्रं १९८४ ला घेतली त्या इंग्लंडचं बघा. २०१२ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने शाळांतल्या कॉम्प्युटर शिक्षणावर कडक अहवाल दिला. २०१४ पासून तिथे आयसीटी विषय जाऊन 'कम्प्युटिंग' आला, वयाच्या पाचव्या वर्षापासून. इतकं लांब नको, केरळ घ्या. २००१ मध्ये 'आयटी अॅट स्कूल', २००५ पासून दहावीच्या परीक्षेत विषय. आपलेच सरकारी शिक्षक तयार केले, मोफत सॉफ्टवेअर वापरलं, मल्याळममध्ये पुस्तकं काढली. कंपनी गेली म्हणून तिथला तास बंद पडला नाही.

पण नुसते चिकू मोजून भागणार नाही, हेही सांगतो. बारावीनंतरची सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर आहे. आश्रमशाळेतल्या पोरीच्या हातात पहिल्यांदा माउस परीक्षेच्या हॉलमध्ये येणार असेल तर उत्तर येत असूनही ती मागे पडणार. म्हणून कितवीत यंत्राशिवाय काय यावं आणि कितवीत यंत्रावर किती तास मिळालेच पाहिजेत, दोन्ही लेखी हवं. तास मिळाले नाहीत तर जबाबदार कोण, हेसुद्धा.

दुसरी गोष्ट वीटभट्टीची. दिवाळी झाली की आपल्या पाड्यांवरची कुटुंबं भिवंडी-वसईकडे निघतात, पोरं सोबत. जून ते एप्रिल अशी सरळ आखलेली पायरी-पायरीची शिकवणी या मुलांसाठी नोव्हेंबरातच तुटते. कुरणशाळेपुढचा प्रश्न हाच होता, फक्त गुरांच्या जागी विटा आल्या.

राज्याचा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येतोय, तिसरीची पुस्तकं बदलायची आहेत. तिसरीच्या मुलाला काय यावं हे जे लिहितील, त्यांनी डिसेंबरात आठवडाभर तलासरीच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत येऊन बसावं. पटावर किती आणि बाकावर किती, ते आधी मोजावं.