रेसर्पीन

सर्पगंधेच्या मुळातील एक अल्कलॉइड. १९५० च्या दशकात रक्तदाब उतरवण्यासाठी आणि मनोविकारांवर ते जगभर वापरले गेले. आज दवाखान्यात ते क्वचितच लिहून दिले जाते, पण पेशीपटलांतून रेणूंची ने-आण कशी होते या अभ्यासात त्याला मानाचे पान आहे. औषध आधी हाती आले. ते ज्या वाहक प्रथिनाची वाट अडवते ते कितीतरी वर्षांनी सापडले, आणि तेही याच औषधाचा माग काढत.

वनस्पती : सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे झुडूप. फुले पांढरट, देठ लालसर, मूळ कडूजहर. वाळल्या मुळात रेसर्पीन हजारात एक-दोन भागच असते. बेसुमार खोदाईमुळे १९९० मध्ये या झुडपाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारान्वये निर्बंध आले.

इतिहास : उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर हे मूळ वैद्य-हकीम पूर्वापार देत आले. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचा त्याचा गुण नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळातून अजमलीनसह काही अल्कलॉइडे वेगळी केली. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) यांनी. लंडनहून शिकून आलेले हे हृदयरोगतज्ज्ञ परळच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करीत. रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन चार आठवड्यांनी त्यांनी आकडे पाहिले, तेव्हा ८५ टक्के रुग्णांत वरचा आणि ८१ टक्क्यांत खालचा दाब उतरला होता. हा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला. तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नसल्यामुळे आजच्या निकषांवर ही चाचणी टिकणार नाही. त्या काळी मात्र रक्तदाबावर सोसवेल असे औषधच हाताशी नव्हते. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी पुढे अमेरिकेत हे औषध वापरून पाहिले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीत शुद्ध रेसर्पीन वेगळे झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवले. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार आणि १९५८ मध्ये पद्मभूषण मिळाले. शोधाचे पहिले श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत.

कार्य : चेतापेशीच्या टोकाशी इवल्या पिशव्या असतात, त्यांना पुटिका म्हणतात. नॉरॲड्रेनॅलीन, डोपामीन, सेरोटोनिन ही अमाइने त्यांत साठवलेली असतात. एक पंप ऊर्जा खर्चून पुटिकेत प्रोटॉन भरत राहतो, त्यामुळे आतले द्रव्य आम्लधर्मी होते. हे कोंडलेले प्रोटॉन बाहेर पडू पाहतात, आणि त्यांच्या याच ओढीवर पटलातील वाहक प्रथिन आपला व्यवहार करते : दोन प्रोटॉन बाहेर, एक अमाइन आत. रेसर्पीन या वाहकात पाचरीसारखे अडकून बसते आणि सहसा सुटत नाही. मग पुटिका रित्या होत जातात, बाहेर राहिलेली अमाइने पेशीतील विकरे फोडून टाकतात, आणि रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप क्षीण होतो. म्हणूनच गुण यायला आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो रेंगाळतो.

वाहकाचा शोध : १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीन देऊन सशांना निपचित पाडले. कान लोंबलेले, हालचाल बंद. डोपामीन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचताच काही मिनिटांत ते उठून हिंडू लागले. पार्किन्सनच्या आजच्या उपचाराची वाट येथूनच निघते. १९६२ च्या सुमारास अधिवृक्क ग्रंथीतील कणिकांत अमाइने ओढून घेणारी आणि रेसर्पीनने थांबणारी यंत्रणा दिसली. वाहकाचे जनुक १९९२ मध्ये मिळाले. परकी जनुके घातलेल्या हॅमस्टरच्या पेशींना एमपीपी हे विष देऊन कोणत्या जगतात ते पाहिले गेले. जगल्या त्यांनी विष पुटिकांत कोंडून ठेवले होते. रेसर्पीन दिल्याबरोबर त्याही विषाला बळी पडू लागल्या, आणि चोर सापडला.

दुष्परिणाम : नाक चोंदणे, सुस्ती, नाडी मंदावणे, जुलाब. खिन्नता येते असे अनेक वर्षे शिकवले गेले; अलीकडचे आढावे त्याबाबत एकमताचे नाहीत. भारतात ‘ॲडेल्फेन-एसिड्रेक्स’ या मिश्र गोळीतून ते दीर्घकाळ दिले गेले. मागच्या पिढीच्या रुग्णांना हे नाव आठवत असेल.

इतर वाहक व औषधे : डिगॉक्सिन सोडियम-पोटॅशियम पंपावर, ओमेप्राझोल जठरातील प्रोटॉन पंपावर, फ्रुसेमाइड मूत्रपिंडातील क्षारवाहकावर आणि डापाग्लिफ्लोझिन तेथीलच साखरवाहकावर काम करते. आतड्यातील साखरवाहक ग्लुकोजबरोबर सोडियमही आत घेतो आणि त्यांच्यामागे पाणी येते. जलसंजीवनीत मिठाबरोबर साखर लागते ती यासाठी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तिच्या जोरावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले.

जिवाणूंतील पंप : टेट्रासायक्लीनसारखी प्रतिजैविके पेशीबाहेर फेकतात; यांतील काही पंपांनाही रेसर्पीन अडवते.