पितळी पुंगळीचा भरवसा



आज एका लहानशा पितळी वस्तूविषयी बोलायचे आहे. बंदूक झाडली की काडतुसातील गोळी पुढे जाते, आणि मागे जी रिकामी नळी उरते तिला आपण पुंगळी म्हणतो. पांझरेच्या काठच्या पिंपळनेरात बसून या पुंगळीचा इतिहास कशाला ऐकायचा, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन. पितळ हे आपल्या घरचे आहे. तांब्या, घागर, समई यांच्या रूपाने ते आपण रोज हाताळतो, घासतो, पुसतो. दुसरे असे की याच खानदेशात, भुसावळच्या पुढे वरणगाव येथे, १९६४ साली काडतुसांचा सरकारी कारखाना उभा राहिला. आपल्या सीमेवरच्या जवानाचा भरवसा ज्या वस्तूवर असतो, ती आपल्याच भागातल्या माणसांच्या हातून जाते.

भरवसा हा शब्द मी मुद्दाम वापरला. कुदळ चांगली की वाईट, हे दोन घाव घालून कळते. मोट, नांगर, इंजिन चालवून बघता येते. काडतुसाचे तसे नाही. ते एकदाच वापरायचे. तपासायला म्हणून झाडले तर संपले. मग न झाडता ते नेमके चालेल हे सांगायचे कसे? तुम्ही शेतकरी याचे उत्तर जाणता. पेरणीपूर्वी पोत्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळता आणि किती उगवले ते पाहता. ते दाणे गेले; पण त्यांनी बाकीच्या पोत्याविषयी सांगितले. काडतुसांच्या कारखान्यातही प्रत्येक घाण्यातले काही नग झाडून बघतात. मात्र दाणे एकसारखे असतील तरच ही चाचणी खरी. म्हणून सगळी कारागिरी एकाच गोष्टीसाठी चाललेली असते: हजारावे काडतूस पहिल्यासारखेच झाले पाहिजे.

हे साधायला फार काळ लागला. पूर्वी तोड्याची बंदूक असे. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची आणि जळत्या तोड्याने बत्ती द्यायची. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कसा कोसळतो हे पिंपळनेरकरांना सांगायला नको. दारू ओली झाली, तोडा विझला की हातातली बंदूक म्हणजे नुसती काठी. पुढे १८०७ साली अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटलंडमधील एका धर्मोपदेशकाने आघाताने पेट घेणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून तांब्याची टोपी आली आणि ठासणीची बंदूक पावसाला थोडीफार तोंड देऊ लागली. तरीही दारू व गोळी कागदाच्या पुडीतच बांधलेली असे. १८५७ च्या उठावात ज्या चरबी लावलेल्या काडतुसांचे नाव निघते, ती अशीच कागदी होती. शिपायाने ती दातांनी फोडायची, असा कवायतीचा नियम होता.

टोपी, दारू आणि गोळी एकाच धातूच्या पुंगळीत बसवण्याची युक्ती रूढ झाली ती त्यानंतर. १८६६ साली इंग्लंडचे कर्नल बॉक्सर आणि अमेरिकेचे कर्नल बर्डन या दोघांनी टोपी बसवण्याच्या दोन निराळ्या पद्धती काढल्या. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत पुढे अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात व ब्रिटिश सैन्यात. हा फरक लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे पडणार आहे. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी सुवेझचा कालवाही खुला झाला.

पण पितळच का? लोखंड गंजते, नुसते तांबे फार मऊ. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे पितळ केले, तर ते फाटल्याशिवाय ओढता येते आणि त्याला स्प्रिंगसारखा जीवही असतो. बार उडाला की पुंगळी क्षणभर फुगते आणि नळीची मागची बाजू घट्ट बंद करते, त्यामुळे जाळ झाडणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. लगेच ती किंचित आकसते, म्हणून बाहेर काढता येते. फुगणे आणि आकसणे, यातले एक जरी चुकले तरी घात. सुरुवातीच्या पुंगळ्या पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून केलेल्या असत. १८८५ च्या जानेवारीत सुदानमध्ये अबू क्ली येथे लढाई झाली, तेव्हा वाळू आणि उष्णता यांपुढे अशा पुंगळ्या बंदुकीत अडकल्या. समोर शत्रू आणि हातात अडकलेली बंदूक! त्यानंतर जाड पितळाच्या चकतीपासून टप्प्याटप्प्याने ओढून केलेली सलग पुंगळी सर्वत्र आली.

आता आपल्या देशातली एक विलक्षण हकीकत सांगतो. सलग पुंगळ्या आल्या, चांगल्या चालल्या. पण हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला एक कोडे पडले. पावसाळाभर घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसे बाहेर काढावी, तो कित्येकांच्या पुंगळ्यांना उभ्या भेगा गेलेल्या. कोणी हात लावला नाही, कोणी झाडली नाहीत, पेटीत पडल्या पडल्या तडकली! पावसाळ्याच्या ऋतूत होणारा रोग म्हणून त्याला इंग्रजीत ऋतूवरूनच नाव पडले. उलगडा झाला तो १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले की दोष तबेल्यातल्या हवेचा आणि पितळातल्या ताणाचा मिळून आहे. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया निघतो. तोच वास, जो सकाळी गोठ्यात गेल्यावर नाकात शिरतो. दमट हवेत हा वायू पितळाला खातो. पुंगळी ओढून केलेली असल्याने तिच्या अंगात ताण कोंडलेला असतो, आणि जिथे ताण तिथे भेग. उपायही त्यांनी सांगितला: तयार पुंगळीला बेताचा शेक द्यायचा. म्हणजे ताण निघून जातो आणि ताकद मात्र कमी होत नाही.

शिक्षक मित्रहो, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. कारखान्यात नजरचूक झाली नव्हती, माप बरोबर होते, दारू कोरडी होती. वस्तू साठवली कुठे, एवढ्यावर तिचा भरवसा गेला.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पुंगळी झाडून झाल्यावर शाबूत राहते, तर ती पुन्हा भरता येईल का? येते. जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मापात आणायची, नवी टोपी, मोजून दारू आणि वर गोळी. बॉक्सरच्या पद्धतीत टोपीखाली मधोमध एकच भोक असते, त्यामुळे सुईने जुनी टोपी चटकन निघते. बर्डनच्या पद्धतीत दोन बारीक भोके कडेला असतात आणि मधला उंचवटा पुंगळीतच असतो, म्हणून ते काम किचकट. ब्रिटिश अमदानीतील थ्री-नॉट-थ्री रायफलीची लष्करी काडतुसे याच दुसऱ्या जातीची. अमेरिकेत मात्र पुन्हा भरण्याचा घरगुती धंदाच उभा राहिला. १८८४ साली जॉन बार्लो यांच्या आयडियल कंपनीने त्यासाठी हातातली अवजारे विकायला काढली, आणि पुढे मेजावर बसवायची दाबयंत्रे आली.

ही दाबयंत्रे दोन तऱ्हेची. साध्या यंत्रावर एका वेळी एकच क्रिया होते. शंभर पुंगळ्यांच्या टोप्या काढा, मग साचा बदला, मग शंभरांत टोप्या बसवा, असे चालते. काम रेंगाळते, पण प्रत्येक पुंगळी चार वेळा हातात येते आणि डोळ्यांखालून जाते. दुसरे फिरत्या थाळीचे यंत्र. थाळीत चार-पाच पुंगळ्या गोल उभ्या असतात. दांडा एकदा ओढला की एकीची टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस खाली पडते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेतल्या नेमबाजांत अशा यंत्रांचा प्रसार झाला. साध्या यंत्रावर ताशी शंभराच्या आसपास होतील, तर यावर चार-पाचशे.

मग हे यंत्र भरवशाचे आहे का? नीट जोडलेले, पुसलेले असेल तर आहे. पण त्याचे दोष त्याच्या वेगातच दडलेले असतात. थाळीखाली सांडलेल्या दारूचे कण साचले की ती नेमक्या जागी थांबत नाही. टोपी उलटी किंवा अर्धवट बसते. ओढीत मध्येच अडथळा आला, माणसाने दांडा मागे-पुढे केला, की एका पुंगळीत दारू दोनदा पडते आणि दुसरीत पडतच नाही. दोनदा पडली तर बंदूक फुटते. मुळीच नसेल, तर टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आणि मागाहून दुसरा बार झाला की नळी फाटते. बाहेरून दोन्ही काडतुसे अगदी सारखी दिसतात! म्हणून जाणकार माणूस गोळी बसण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावतो. काही यंत्रांना दारूची पातळी पाहून घंटी वाजवणारा भाग जोडतात. घंटी वाजली की थांबायचे आणि बघायचे.

पुंगळ्या साफ करण्याचेही तसेच. वापरलेली पुंगळी काजळलेली असते. तिच्यावर माती असेल तर साचा ओरखडतो आणि तो ओरखडा पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटतो. यासाठी थरथरणारे भांडे वापरतात. त्यात दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भरडा घालून पुंगळ्या तासन् तास हलवतात. यंत्र साधे, सहसा बिघडत नाही. पण भरड्याचा एखादा कण टोपीच्या भोकात अडकून बसतो, आणि उडणाऱ्या धुळीत शिसे असते, कारण टोपीच्या मसाल्यात शिशाचे संयुग असते. दुसऱ्या रीतीत फिरत्या पिंपात पाणी, साबण आणि पोलादी बारीक सळया घालतात. त्याने पुंगळी आतूनही लखलखते. मात्र नंतर ती पूर्ण वाळली नाही तर ओल दारूला लागते. तिसरे यंत्र कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाण्यात मळ सोडवते. या तिन्हींत एक पथ्य सारखेच: पितळ चमकावण्याच्या ज्या पॉलिशात अमोनिया असतो, ते पुंगळीला कधीही लावायचे नाही. तबेल्यातले कोडे आठवते ना? तोच रोग बाटलीतून घरात येतो.

आपल्या बायका पितळेला चिंच, लिंबू आणि राख लावतात ती रीत शास्त्राला धरून आहे. चिंचेतले आणि लिंबातले आम्ल सौम्य असते. ते डाग काढते. पण चिंच लावून भांडे तसेच विसरले तर पितळ गुलाबी पडते. आम्लाने वरचे जस्त निघून जाते आणि नुसते तांबे दिसू लागते, म्हणून तो रंग येतो. हा प्रयोग शाळेत जुन्या पितळी तुकड्यावर सहज दाखवता येईल. पुंगळी अशी गुलाबी झाली तर ती वरवर स्वच्छ, पण अंगाने कमजोर. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ते असे.

वरणगावला पुंगळी नव्याने घडते. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर देशाला दारूगोळ्याची निकड तीव्रतेने जाणवली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत हा कारखाना उभा राहिला. पितळी चकतीची वाटी, वाटीची नळी, प्रत्येक ओढीनंतर शेक, धुणे, पुन्हा ओढ, असा तिचा प्रवास. आधीच्या पायरीचा मळ राहिला तर पुढच्या ओढीत चरा पडतो, म्हणून धुण्याचे काम दुय्यम नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून वरणगाव आणि खडकी हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आले. पाटी बदलली, मापे आणि तपासणी यांना सुटी नाही.

शेवटी दोन गोष्टी व्यवहाराच्या. रानडुकरांपासून पीक राखायला गावात कोणाकडे परवान्याची बंदूक असते. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून घरी पुंगळ्या भरता येत नाहीत. आणि वर सांगितलेले धोके ऐकल्यावर, कायद्याने अडवले हे बरेच केले, असेच तुम्ही म्हणाल. दुसरे मुलांविषयी. रानात, नाल्यात, सरावाच्या मैदानाजवळ पुंगळी सापडली तर तिच्यावर दगड मारू नये, ती चुलीत टाकू नये, भंगारवाल्याला विकू नये. टोपी न उडालेली असू शकते. जागा लक्षात ठेवावी आणि पोलीस पाटलाला कळवावे. मुलांना हे आजच सांगा, कारण चमकणारी वस्तू उचलायला मूल कोणाची परवानगी घेत नाही.